बकलाखालचा चौकोन

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीच्या डाव्या मनगटावर, स्मार्टवॉचच्या जागी, पुरळ उठलं आणि घरात निदानांची रांग लागली. "तो हिरवा दिवा दिवसरात्र लुकलुकतो ना, त्यानंच भाजलंय," असं तिची आजी म्हणाली. शेजारच्या काकांच्या मते अंगातली उष्णता बाहेर पडत होती. त्यांनी लगेच कपाटातून तांब्याचं कडं काढून दिलं.

दिव्याची बाजू आधी घेतो. स्मार्टवॉचच्या पाठीवरचा तो साधा एलईडी. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त किंचित वाढतं-घटतं, तसा परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. एवढ्या मिणमिणत्या उजेडानं कातडी भाजत नाही. आणि अंगातली उष्णता नेमकी घड्याळाची जागा हेरून बाहेर पडते, यावर काय बोलायचं!

मी तिचं मनगट उलटं केलं. तबकडीखाली काहीच नव्हतं. आतल्या बाजूला, जिथे बक्कल टेकतं तिथे, अंगठ्याच्या नखाएवढा लाल चौकोन होता. त्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड होते, आणि कडा शेजारच्या कातडीत पसरत गेलेल्या.

मलाही आदल्या वर्षी घड्याळानं त्रास दिला होता, पण तो वेगळा. तबकडीखाली अख्खा गोल, कडा कंपासनं काढल्यासारखी, खाजेपेक्षा आग जास्त. हात धुताना साबण घड्याळाखाली अडकायचा, वर घाम, वर रबराचं झाकण. साबण कातडीतला स्निग्धांश काढून घेतो, ओलसर कातडी घर्षणानं सोलवटते. याला अ‍ॅलर्जी लागत नाही, कुणालाही होतं. घड्याळ उतरवून जागा कोरडी ठेवली, चार दिवसांत गेलं.

भाचीचं मात्र घड्याळ काढल्यावरही दोन दिवस वाढतच गेलं. मी विचारलं, कानात काय घालतेस? "सोन्याचंच. खोटं घातलं की कान चिघळतात." आणि जीन्सचं बटण? बेंबीखाली तिथेही काळा डाग होता. संशयित ठरला: निकेल, खोट्या दागिन्यांत, बटणांत आणि बकलांत सर्रास सापडणारा धातू.

आता माझा आवडता भाग. घामातल्या मिठामुळे धातूतून निकेलचे आयन सुटतात. साधारण ५०० डाल्टनहून (डाल्टन हे अणू-रेणूंच्या वजनाचं एकक) लहान रेणूच निरोगी कातडीतून आत शिरू शकतात. निकेलचा अणुभारांक जेमतेम ५९, म्हणजे दार उघडंच. पण इतकी बारीक वस्तू प्रतिकारयंत्रणेच्या सहसा नजरेतही भरत नाही. मग निकेल एवढा गोंधळ कसा घालतं?

आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचं प्रथिन पहाऱ्याला असतं. त्याचं काम काही जिवाणूंच्या बाह्यावरणातला एक घटक ओळखून बोंब ठोकण्याचं. माणसातल्या या प्रथिनाच्या साखळीत ४५६ आणि ४५८ या क्रमांकांवर हिस्टिडीन हे अमिनो आम्ल येतं. हिस्टिडीनच्या कड्यात नायट्रोजन असतो, आणि निकेलला नायट्रोजनची भारी ओढ. दोन शेजारचे पहारेकरी निकेल एकमेकांना जोडून टाकतं. त्यांना वाटतं जिवाणू आला! २०१० साली जर्मनीतल्या संशोधकांनी हे दाखवलं. उंदरांच्या टीएलआर-४ मध्ये ही हिस्टिडीनं नाहीत, म्हणून त्यांना निकेलची अ‍ॅलर्जी सहजी होत नाही. माणसाचं टीएलआर-४ बसवलेल्या उंदरांना मात्र झाली.

या खोट्या बोंबेमुळे कातडीतल्या पेशी निकेलची वर्दी लसिका ग्रंथींपर्यंत नेतात. तिथे टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्याची ओळख लक्षात ठेवतात, बहुधा जन्मभरासाठी. पुढच्या वेळी निकेल आलं की त्या मनगटाकडे निघतात, पण जमायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून पुरळ उशिरा उठतं, आणि घड्याळ काढल्यावरही वाढतं. लोक इथेच फसतात: "काढलं तरी वाढलं, म्हणजे घड्याळाचा दोष नाही."

हीच नायट्रोजनची ओढ पुरावाही देते. बी.एस्सी.ला ज्यांनी निकेलचं वजनी मापन केलं त्यांना डायमिथाइलग्लायॉक्झाइम हे रसायन आठवत असेल. १९०५ साली लेव चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञानं त्याचा निकेलशी होणारा संयोग दाखवला. त्याचे दोन रेणू चार नायट्रोजनांनी निकेलला चौकोनात धरतात आणि गुलाबी-लाल साका पडतो. कापसाच्या बोळ्यावर ते आणि अमोनियाचे थेंब घेऊन मी बक्कल अर्धा मिनिट घासलं. बोळा गुलाबी झाला. तबकडीच्या मागच्या बाजूवर घासलेला पांढराच राहिला.

स्टेनलेस स्टील म्हटलं की निकेल नाही, असं नसतं. ३१६एल या प्रतीत ते १० ते १४ टक्के असतं, पण क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा त्याला सहसा बाहेर पडू देत नाही. मुलामा दिलेलं स्वस्त बक्कल झिजलं की तशी अडवणूक उरत नाही. युरोपात म्हणूनच मोजतात ते धातूतलं निकेल नव्हे, सुटणारं: कातडीला दीर्घकाळ टेकणाऱ्या वस्तूला आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा.

निकेल एकटंच गुन्हेगार नाही. २०१४ मध्ये फिटबिट कंपनीनं 'फोर्स' हा हालचाली मोजणारा मनगटी पट्टा परत मागवला, तेव्हा अमेरिकेत सुमारे १० लाख नग विकले गेले होते आणि खाज-पुरळाच्या सुमारे ९,९०० तक्रारी आल्या होत्या. कंपनीनं निकेलइतकाच संशय चिकटद्रव्यातल्या मेथाक्रिलेटांवर घेतला. ती डायमिथाइलग्लायॉक्झाइमनं सापडत नाहीत. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडची पॅच टेस्ट: संशयित पदार्थांचे ठिपके पाठीवर ४८ तास चिकटवायचे, काढल्यावर एकदा आणि दोनेक दिवसांनी पुन्हा बघायचं. १८९५ मध्ये योझेफ यादासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं मांडलेल्या या पद्धतीचा गाभा आजही तोच आहे. भाचीचीही केली. निकेलच्या ठिपक्याखाली फोड, बाकी पाठ स्वच्छ.

आता तिच्या घड्याळाला कापडी पट्टा आहे, प्लास्टिकच्या चापाचा. जीन्सच्या बटणाला ती आतून बिनरंगी नेलपॉलिश लावते. चार धुण्यांत ते निघतं, मग पुन्हा लावते. काकांचं कडं अजून आमच्याकडेच आहे.