२१४७४८३६४७ : बिनकामाची ठरवलेली संख्या

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते, आणि ती मूळ संख्या आहे. घातांक मूळ असला म्हणजे उत्तरही मूळ येईल, अशी खात्री मात्र नसते: २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि ते होतात २३ गुणिले ८९.

मग खात्री करायची कशी? सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं. अशा संख्या पावणेपाच हजारांहून जास्त आहेत. सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. १७७२ मधल्या एका पत्रात त्याने दाखवलं, की या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. यातलं अर्धं कारण सोपं आहे. अशा विभाजकाने २ च्या घातांना भागत गेलं, तर बाक्या दर ३१ पायऱ्यांनी पुन्हा त्याच येतात. म्हणून विभाजकातून १ वजा केल्यावर ३१ ने भाग जायलाच हवा. उरलेली अट दुसऱ्या एका प्रमेयातून येते.

या गाळणीतून काय उरतं ते पाहण्यासारखं आहे. ६३ आणि २४९ मूळ नाहीत, त्यामुळे पहिला उमेदवार ३११ (भागून पाहा, बाकी ३५ उरते). त्यानंतरचा थेट १३०३! ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या यादीत शंभरसुद्धा उमेदवार भरत नाहीत, आणि त्यातल्या एकानेही भाग जात नाही.

याच संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. ६ = १ + २ + ३, तशीच हीसुद्धा आपल्याहून लहान विभाजकांची बेरीज. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं, की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही. त्याच्या मते या संख्या नुसत्याच गमतीच्या, उपयोग शून्य. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने २ चा १२७ वा घात उणे १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं; तिच्यापासूनही अशीच, आणखी मोठी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणून भाकिताचा पहिला भाग निकालात निघाला.

दुसरा भाग संगणकाने खोडला. संगणकातल्या ३२ बिटांपैकी (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची जागा) एक अधिक-उणे चिन्हासाठी ठेवला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रणालींची घड्याळं इथेच अडतील. पण त्यात तिच्या मूळपणाचा काही संबंध नाही. तो संबंध आहे यादृच्छिक वाटणारे आकडे बनवण्याच्या एका गाजलेल्या पद्धतीत: १ घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, तिलाच पुन्हा गुणा. १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... भाजक मूळ आहे आणि १६८०७ हा गुणक नीट पारखून घेतलेला आहे, म्हणून १ ते २१४७४८३६४६ मधली प्रत्येक संख्या बरोबर एकदा येते आणि मगच फेरी पुन्हा सुरू होते. भलताच गुणक घेतला, तर ती मध्येच वळते.