वेठबिगार मजुराचे मुक्ती प्रमाणपत्र: अर्ज कोणाकडे, कागद कोणते, मदत किती

वीटभट्टी, ऊसतोड, दगडखाण, कोळसाभट्टी. कामाची ठिकाणे वेगळी, पण अडकवण्याची रीत एकच. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादम उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) देतो आणि दिवाळीनंतर सगळे कुटुंब गाडीत भरून नेतो. हिशेब त्याच्याच वहीत, त्यामुळे हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. मुलांच्या बाबतीत तर उचलही नावापुरतीच असते. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले मेंढ्या राखायला ठेवल्याचे उघड झाले, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले.

अशा मजुराची सुटका झाली की पोलीस किंवा कामगार अधिकारी अनेकदा त्याला एसटीत बसवून गावी पाठवतात आणि प्रकरण संपवतात. मुक्ती प्रमाणपत्र (हा माणूस वेठबिगारीतून सुटला असा जिल्हाधिकारी किंवा प्रांतांचा दाखला) न घेता मजूर गावी गेला, तर पुढच्या मदतीचा पायाच राहत नाही. म्हणून आधी प्रमाणपत्र, मग प्रवास.

कोण पात्र

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार साखळदंड किंवा कुलूप असायलाच हवे असे नाही. उचल, कर्ज, जातीची रूढी किंवा बापजाद्यांचे देणे, यांपैकी कशाच्याही बदल्यात माणूस राबत असेल आणि त्यामुळे पुढीलपैकी एक जरी गोष्ट घडत असेल तरी पुरे: मजुरी मिळत नाही किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळते, दुसरीकडे काम धरता येत नाही, हवे तेव्हा बाहेर जाता येत नाही, स्वतःचा माल बाजारभावाने विकता येत नाही. ‘आठवड्याला खर्ची देतो, मग वेठबिगारी कशी?’ हा मालकाचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर याच व्याख्येत आहे.

उचलीची चिठ्ठी मजुराकडे नसते, असायची अपेक्षाही नाही. कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने मालकावर टाकली आहे. सक्तीचे काम दिसले की ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात १९८३ मध्ये सांगितले.

अर्ज कुठे, त्यात काय

अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांत (उपविभागीय अधिकारी) यांच्याकडे द्यायचा. मजूर ज्या ठिकाणी अडकला आहे तिथला जिल्हा धरायचा, त्याच्या गावाचा नव्हे. बीडचा मजूर बेळगाव जिल्ह्यात ऊस तोडत असेल तर तक्रार बेळगावला जाते. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्यावी, कारण पुनर्वसन पुढे गावीच व्हायचे असते. पोलिसांना ११२ वर कळवता येते, मुले असतील तर १०९८ वर. मात्र प्रमाणपत्र पोलीस देत नाहीत.

विहित नमुन्याची वाट पाहू नका, साधा कागद चालतो. नातेवाईक, सरपंच, संघटना, कोणीही अर्ज करू शकते. त्यात हे असू द्या: प्रत्येकाचे नाव, वय, जात-जमात आणि मूळ गाव; मालक व मुकादमाचे नाव; कामाच्या जागेची खूण (गट नंबर माहीत नसेल तर रस्ता, जवळचे गाव, भट्टीच्या विटेवरचा छाप); उचल किती व कधी घेतली; कामाचे तास; हातात पडलेले पैसे; मारहाण, धमकी किंवा जाण्यास मनाई. अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या.

आधार, रेशनकार्ड किंवा बँक पासबुक नसल्यामुळे सुटका किंवा प्रमाणपत्र अडवता येत नाही. हे कागद पैसे जमा होण्यासाठी लागतात. मुकादमाने ते ठेवून घेतले असतील तर तसे जबाबात लिहून घ्या, म्हणजे जप्ती करता येते.

जबाब: सगळे इथेच ठरते

जबाब मालकाच्या माणसांपासून दूर आणि मजुराच्या बोलीत झाला पाहिजे. कोरकू किंवा कातकरी बाईला प्रमाण मराठीत ‘काही त्रास आहे का?’ असे विचारले तर ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘बाजाराला एकटी गेली होतीस का? नवरा आजारी पडला तेव्हा गावी जाता आले का?’ असे विचारले की खरी परिस्थिती बाहेर येते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळ्या कुटुंबाचा एकच जबाब नवऱ्याच्या नावाने घेणे. प्रमाणपत्र माणशी असते, कुटुंबाला एक नव्हे. बायको आणि काम करणारी मुले यादीतून राहिली तर त्यांची मदतही बुडते. नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणेच घाला, आणि सही-शिक्का जिल्हाधिकारी किंवा प्रांतांचाच आहे ना, ते जागेवर पाहा.

तिसरी अडचण तडजोडीची. ‘उचल माफ, प्रकरण मिटवा’ असे म्हणत कोणी औदार्य दाखवू लागले तर भुलू नका. कलम ६ ने ते कर्ज आधीच संपले आहे. उलट, संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणे हाच कलम ९ खाली गुन्हा आहे.

मदत किती

केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे. ती जिल्ह्याच्या कायम निधीतून (किमान १० लाख रुपये) द्यायची असते आणि तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची अट नाही. एकूण मदत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख. मानवी तस्करी किंवा कुंटणखान्यासारख्या लैंगिक शोषणातून सुटलेल्या स्त्रिया व मुले, तृतीयपंथी आणि दिव्यांग यांना ३ लाख. स्त्रिया व मुलांच्या रकमेचा काही भाग ठेव म्हणून राहतो.

म्हणूनच ‘कोणी, कुठून, काय सांगून आणले’ हे जबाबात नसेल तर तस्करी झालेल्या बाईचा दावा ३ वरून २ लाखांवर घसरतो.

उरलेली रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली आहे आणि फायली इथेच वर्षानुवर्षे पडून राहतात. तरी प्रशासनाला प्रथमदर्शनी वेठबिगारी आढळली असेल, तर केवळ निकाल नाही म्हणून प्रस्ताव रोखता येत नाही. पाठपुरावा करताना योजनेतली हीच ओळ दाखवा.

गुन्हा नोंदवताना

१९७६ च्या कायद्यात शिक्षा ३ वर्षांपर्यंतच आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. फसवून किंवा धाक दाखवून आणून गुलामासारखे राबवले असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ (मानवी तस्करी) लावायला सांगा. बळी बालक असेल तर त्यात किमान १० वर्षे शिक्षा आहे. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटीचे कलमही लागते आणि त्याची आर्थिक मदत वेगळी मिळते. मुलांना २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते.

मुकादम उलट ‘उचल बुडवली’ म्हणून फसवणुकीची तक्रार देतो, हेही गृहीत धरा. कर्जाच्या दाव्यात मजुराची बाजू लढवणे हे १९७६ च्या कायद्याखाली नेमलेल्या दक्षता समितीचे काम आहे. तस्करी किंवा वेठबिगारीच्या बळीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. बुडालेल्या मजुरीचा दावा कामगार कार्यालयात स्वतंत्र लावायचा. तो या मदतीतून वजा होत नाही.