मुलुंड की ठाणे? टोकन देण्याआधी वाचा

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे मुंबई महापालिका, पलीकडे ठाणे महापालिका. घर घेण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांत, ते नाक्याच्या कुठल्या बाजूला घ्यायचं यावरून दोन तट पडलेले असतात. एकाचं म्हणणं, तेवढ्याच पैशात ठाण्यात एक खोली जास्त मिळते. दुसऱ्याचं म्हणणं, पत्ता मुंबईचाच हवा. आमचा सल्ला असा, की आधी दोन्हीकडची एकेक इमारत नक्की करा आणि मगच तुलना करा. नौपाडा आणि कासारवडवली दोन्ही ठाण्यातच, पण त्यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं नौपाडा आणि मुलुंडमध्येही नाही.

खर्चाचा हिशोब

समजा, दोन्हीकडे १ कोटी २० लाखांचा फ्लॅट पाहिलात. मुंबईत सध्या मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार. ठाण्यात स्थानिक संस्थेचा १ टक्का वाढतो, म्हणून ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. नाका ओलांडला की १ लाख २० हजारांचा फरक. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर दोन्हीकडे १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार, तीही दोन्हीकडे सारखीच. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागतं. त्यामुळे ‘स्वस्तात सौदा झाला’ म्हणून शुल्क कमी बसेलच असं नाही.

मालमत्ता कराचं उलट आहे, तो दरवर्षीचा. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फूट चटईक्षेत्रापर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून हा कर माफ आहे. मुलुंडमध्ये ४८० फुटांचा फ्लॅट आणि ५२० फुटांचा फ्लॅट यांतला खरा फरक इथे कळतो. ठाण्यात विकणाऱ्याकडून कराचं शेवटचं बिल मागून घ्या, तोंडी आकड्यावर जाऊ नका.

मुंबईत घर म्हणून विजेचं बिल वेगळं येईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणचीच, ठाण्यालाही महावितरणचीच. गाडीचा नंबर मात्र बदलेल: मुलुंडला एमएच-०३, ठाण्यात एमएच-०४!

पाणी

ठाण्यात घर घेणाऱ्यांनी आम्हाला सगळ्यात आधी हे विचारावं, पण विचारतात सगळ्यात शेवटी. ठाणे महापालिकेची स्वतःची योजना आहे, शिवाय स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही तिला पाणी येतं. कोणत्या भागाला कुठलं पाणी, यावर तिथला दाब आणि वेळ ठरते. घोडबंदर रोडवरच्या कित्येक संकुलांना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये चढतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा, एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं दाखवायला सांगा. दाखवायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

लोकल

ठाण्याला सगळ्या फास्ट लोकल थांबतात, मुलुंडला मोजक्याच. पण कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टमध्ये सकाळी ठाण्याला पाय ठेवायला जागा मिळाली तर नशीब. ठाण्याहूनच सुटणारी स्लो मिळाली तर बसून जाता येतं, आणि तीच गाडी मुलुंडला येते तेव्हा सीट संपलेल्या असतात. नोकरी ऐरोली, घणसोली किंवा वाशीला असेल तर ठाण्याहून ट्रान्सहार्बर सरळ पडते. मुलुंड पूर्वेकडून ऐरोली पुलावरून गाडीनेही फार लांब नाही, आणि १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारला टोल नाही.

वेळ मोजायचा तो घराच्या दारापासून फलाटापर्यंत. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन दहा-एक किलोमीटर आहे. सोमवारी सकाळी साडेआठला रिक्षाने जाऊन बघा, रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून नको. वडाळा-कासारवडवली मेट्रो, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, ठाणे-बोरिवली बोगदा यांची नावं प्रत्येक माहितीपत्रकात असतात. ही कामं खरी आहेत, पण त्यांच्या भरवशावर आज फुटामागे हजार रुपये जास्त मोजावेत असं आम्हाला वाटत नाही.

कागदपत्रं

डोंगराकडच्या बाजूला, म्हणजे मुलुंड पश्चिमेला किंवा ठाण्यात पोखरण रोडला, घर पाहत असाल तर जमिनीवर ‘खासगी वन’ अशी नोंद होती का, ते तपासा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालाने यातल्या अनेक जमिनी मोकळ्या झाल्या, तरी फेरफार प्रत्यक्षात झालाय की नाही ते सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवरच कळतं.

मुलुंड पूर्व आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारती ‘लवकरच रिडेव्हलपमेंट’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, एवढा एकच प्रश्न विचारा. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल तर ते ‘लवकरच’ किती लांबेल, कोणी सांगू शकत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत आम्ही ग्राहकाला दाखवतच नाही, मग ती नाक्याच्या कुठल्याही बाजूला असो.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामकाच्या वेबसाइटवर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून गाव आणि तालुका वाचा. जाहिरातीत ठाणे आणि कागदावर भिवंडी तालुका, असे प्रकल्प आहेत. तिथे घर घेण्यात गैर काही नाही, फक्त भाव भिवंडीचा द्या. मुलुंड पूर्वेला हरिओम नगरच्या बाजूला पाहत असाल तर २०१८ मध्ये बंद झालेलं डम्पिंग ग्राउंड जवळच आहे. संध्याकाळी गच्चीवर जाऊन वाऱ्याची दिशा बघा.

आमच्याकडे येताना दोन्ही फ्लॅटचे करारनामे किंवा इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), कराची बिलं आणि सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या आणा. मूळ कागद नकोत, झेरॉक्स पुरेल. टोकन देऊन झालं असेल तरीही या, पण देण्याआधी आलात तर आम्हाला जास्त काही करता येतं.