घटस्फोट आणि वृद्ध आईवडिलांचा सांभाळ (कोल्हापूर)

आईवडिलांची फारकत झाली असता प्रौढ मुलांनी त्यांना म्हातारपणी द्यावयाचा, किंवा लेकीची फारकत झाली असता आईवडिलांनी तिला द्यावयाचा आधार. कोल्हापूरकडे घटस्फोटाला ‘काडीमोड’, ‘सोडचिठ्ठी’ व ‘फारकत’ असे म्हणतात. पहिला शब्द पंचांसमोर गवताची काडी मोडण्याच्या चालीवरून आला, असे सामान्यतः मानतात. ‘फारकत’विषयी मात्र मतभेद आहेत. काहींच्या मते हा शब्द अरबी ‘फिराक’शी (वियोग) निगडित आहे, इतर तो ‘फारिग-खत’ म्हणजे मोकळीकपत्र यावरून साधतात. ‘फारखत’, ‘फारखती’ ही जुनी रूपे देणे फिटल्याच्या लेखालाही लावली जात, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1919 च्या सुमारास काडीमोड व स्त्रियांचा छळ यांसंबंधी कायदे केले. संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.

फारकतीने मोकळे होतात ते नवराबायको. मुलांचे देणे तसेच राहते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 (कलम 20) वृद्ध आईवडिलांचा भार मुलगा व मुलगी दोघांवरही टाकतो. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 (निर्वाह) खाली दिला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ‘पालक’ या शब्दात सावत्र आईबापही येतात; ‘मुले’ या शब्दात जावई-सून येत नाहीत. एरवी बापाशी बोलणे नसलेल्या, आजोळी वाढलेल्या मुलाविरुद्ध बापाने निर्वाहासाठी अर्ज केला, तरी त्याच्या नावात मधले नाव अर्जदाराचेच असते.

पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत फारकत झालेल्या बापाला मुलांचा आधार आईपेक्षा कमी मिळताना दिसतो.

उलट दिशेने, म्हणजे फारकत झालेल्या लेकीच्या आधाराबाबत, कायदा तोकडा पडतो. 1956 च्याच कायद्यातील आश्रितांच्या यादीत (कलम 21) अविवाहित व विधवा मुलगी आहे, घटस्फोटित नाही. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. पण बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची रीत आहे. पुढे काडीमोड होऊन ती माहेरी आली, तर सातबारावर तिचे नाव उरलेले नसते.