एका थेंबात किती मावतं?

घरात ग्लुकोमीटर असेल तर ही कल्पना लगेच पटते. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला टेकवायचा, काही सेकंदांत साखर कळते. मग बाकीच्या तपासण्यांसाठीच शिरेत सुई खुपसून ट्यूबा कशाला भरायच्या?

एलिझाबेथ होम्स हेच विचारत होत्या. २००३ मध्ये, १९ व्या वर्षी, स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून त्यांनी कंपनी काढली, तीच पुढची थेरॅनॉस. बोटातल्या काही थेंबांवर दोनशेहून अधिक तपासण्या करता येतात, असा दावा होता. २०१४ मध्ये कंपनीचं मोल ९ अब्ज डॉलर धरलं जात होतं. संचालक मंडळावर किसिंजर आणि शुल्ट्झ, दोघेही अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री. वजनदार माणसं खरी, पण रक्ततपासणीशी त्यांचा दुरूनही संबंध नव्हता.

आता रक्ताकडे वळू. साखर १०० असते म्हणजे एका मिलिलिटर रक्तात एक मिलिग्रॅम. ड जीवनसत्त्वाच्या रिपोर्टवर ३० दिसतं ते एका मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये (नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग), म्हणजे वजनाने साखरेच्या तीस हजारांहून अधिक पटींनी कमी. साखर थेंबात सापडते ती मुळात भरपूर असते म्हणून.

पोटॅशियमची गंमत आणखी वेगळी. थेंब येईना की आपण काय करतो? बोट पिळतो. त्यात तांबड्या पेशी फुटतात. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या द्रवापेक्षा किमान वीसपट असतं, ते सगळं नमुन्यात उतरतं आणि धडधाकट माणसाचं पोटॅशियम कागदावर घाबरवण्याइतकं चढतं. शिवाय पिळताना ऊतींमधलं पाणीही मिसळतं. २०१५ मध्ये राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच बोटातले लागोपाठचे थेंब तपासले, तर हिमोग्लोबिनसुद्धा थेंबागणिक बदलत होतं. शिरेतल्या रक्ताइतका भरवशाचा आकडा हवा तर सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागत होती.

थेरॅनॉसच्या एडिसन यंत्रावर प्रत्यक्षात जेमतेम डझनभर तपासण्या होत. बऱ्याचशा बाकीच्या सीमेन्सच्या तयार यंत्रांत फेरफार करून चालायच्या. ती यंत्रं जास्त रक्त मागणारी, म्हणून थेंबात द्रव मिसळून तो वाढवायचे. आधीच विरळ असलेला पदार्थ त्याने आणखी विरळ होतो, आणि मोजमापातली चूक शेवटी गुणून मोठी होते.

२०१४ मध्येच एका पत्रकाराने होम्स यांना विचारलं होतं, यंत्र चालतं कसं? उत्तराचा आशय असा: रसायनशास्त्र वापरलं जातं, अभिक्रिया होते, संकेत मिळतो, त्याचा निकाल तयार होतो. म्हणजे चहा कसा करता असं विचारावं, तर ‘उष्णता दिली जाते आणि पेय तयार होतं’. माझ्या मते अब्जावधी डॉलरपेक्षा या वाक्याकडे नीट बघायला हवं होतं. त्यात चुकीचं काही नाही, पण तपासून बघण्यासारखंही काही नाही. किती रक्त, किती वेळा मोजलं, शिरेतल्या रक्ताशी ताडून पाहिलं तर फरक किती, यातलं एकही नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे पत्रकार जॉन कॅरीरू यांची, एडिसनचं खरं रूप उघड करणारी बातमी आली. २०१६ मध्ये कंपनीने एडिसनवरचे दोन वर्षांचे सगळे रिपोर्ट रद्द केले. तोवर त्यातल्या काहींवर औषधांचे डोस ठरून गेले होते.

जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने होम्स यांना दोषी ठरवलं ते गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल. शिक्षा सव्वाअकरा वर्षं. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून त्या सुटल्या.