मिठातला सोडियम मोठा की क्लोरीन? अणूची त्रिज्या वेगळी, आयनाची वेगळी

शिरोड्याच्या नाहीतर उरणच्या मिठागरातल्या जाड्या मिठाचा खडा घ्या, त्यात सोडियम मोठा की क्लोरीन? त्रिज्यांच्या तक्त्यात सोडियम 186 पिकोमीटर (मीटरचा अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग) आणि क्लोरीन 99, म्हणून बरीच मुलं सरळ सोडियम लिहून मोकळी होतात, पण ते आकडे अणूंचे आहेत आणि मिठात असतात आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन दिलेले किंवा घेतलेले अणू. सोडियमने बाहेरच्या कवचातला एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला की ते कवचच संपलं, उरतो 102 चा आयन. क्लोरीनकडे प्रोटॉन तेच 17, इलेक्ट्रॉन मात्र आता 18, त्यांची आपसातली ढकलाढकल वाढते आणि क्लोराइड, म्हणजे क्लोरीनचा आयन, होतो 181. म्हणजे चित्र पूर्ण उलटं!

म्हणूनच आवर्तात, म्हणजे आवर्त सारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे आकार कमी होतो हा नियम आयनांना जसाच्या तसा लावू नका. सोडियम 102, मॅग्नेशियम 72, ॲल्युमिनियम 53.5, इथपर्यंत ठीक, तिघांकडे दहा-दहाच इलेक्ट्रॉन आणि केंद्रकाची ओढ वाढत जाते, पण पुढे सल्फाइड, म्हणजे गंधकाचा आयन, एकदम 184, कारण त्याच्याकडे एक कवच जास्त.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हे मोजतात कसं? खरं तर त्रिज्या कोणी मोजतच नाही, मोजतात ते दोन केंद्रकांमधलं अंतर. 186 म्हणजे सोडियम धातूत शेजारच्या दोन अणूंमधल्या अंतराचं अर्धं, 99 म्हणजे क्लोरीनच्या रेणूतल्या अंतराचं अर्धं, दोघं सारखेच असल्यामुळे अर्धं करायला काही अडचण नाही. मिठात दोघं वेगळे. भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅगने 1913 मध्ये क्ष-किरणांनी मिठाची रचना उलगडली, अंतर 282 मिळतं, पण त्यातलं किती कोणाचं? आपल्याकडे दोन घरांमधलं अंतर टेपने कोणीही मोजेल, गडगा कुठे घालायचा यावरच भांडण होतं ना, तसंच हे.

102 अधिक 181 म्हणजे 283, छान जुळलं. पण स्लेटर या भौतिकशास्त्रज्ञाने 1964 मध्ये अणूंच्या त्रिज्यांचा जो तक्ता दिला त्यात सोडियम 180 आणि क्लोरीन 100, बेरीज 280, तीही जवळपास जुळतेच! त्यामुळे नुसती बेरीज बरोबर आली म्हणजे वाटणी बरोबर असं अजिबात धरता येत नाही, आणि माझ्या मते शिकवताना हे सांगायलाच हवं.

क्ष-किरणांवरून इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा काढून दोघांच्या मधे ती कुठे सगळ्यात विरळ होते ते बघितलं तर सोडियमच्या वाट्याला साधारण 117 येतात आणि क्लोराइडच्या 164, म्हणजे क्लोराइडच मोठा. मग 102 कुठून आला? तो शॅनन या शास्त्रज्ञाच्या 1976 च्या आयनांच्या तक्त्यातला, तिथे ऑक्साइड (ऑक्सिजनचा आयन) 140 धरून बाकीच्यांचे आकडे बसवलेत, तेही शेजारी सहा आयन असताना, शेजारी आठ झाले की तोच सोडियम 118 होतो.