ग्राफिक कार्ड बोर्डावर चालेल का? या प्रश्नामागचा इतिहास

"ह्या बोर्डावर हे कार्ड बसतंय का बघा की." कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, आणि कार्ड म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारं ग्राफिक कार्ड. विचारणारा कधी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी पॅटर्नची थ्रीडी मॉडेलं करणारा असतो, कधी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा. पूर्वी या प्रश्नाचं निम्मं उत्तर स्लॉट, म्हणजे बोर्डावरची कार्ड खोचायची जागा, बघूनच मिळायचं. आता स्लॉट जुळतोच, आणि म्हणूनच फसगत होते.

१९८१च्या आयबीएम पीसीसोबत आलेला आयएसए स्लॉट बरीच वर्षं टिकला, पण विंडोजच्या चित्रांना तो फारच संथ पडू लागला. १९९२ मध्ये व्हेसा लोकल बस ही वेगळ्या स्लॉटची पद्धत आली. ती ४८६ प्रोसेसरच्या रचनेला इतकी बांधलेली होती की पेंटियम येताच मागे पडली. त्याच वर्षी आलेलं इंटेलचं पीसीआय मात्र रुजलं. त्याचा वेग सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि तोही सगळ्या कार्डांत वाटून घ्यायचा.

म्हणून इंटेलने १९९७च्या सुमारास फक्त ग्राफिकसाठी वेगळा एजीपी स्लॉट बाजारात आणला. जुळणीचा खरा घोळ इथे सुरू झाला. पहिली एजीपी कार्डं ३.३ व्होल्टवर चालत, पुढची १.५ वर, शेवटच्या पिढीचे सिग्नल तर ०.८ व्होल्टचे. चुकीचं कार्ड बसूच नये म्हणून कार्डाला खाचा आणि स्लॉटला आडवी पट्टी दिलेली होती. योजना चांगली होती. पण काही उत्पादकांनी फक्त ३.३ व्होल्टच्या कार्डांनाही दोन्ही खाचा पाडल्या. अशी कार्डं इंटेल ८४५ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या), १.५ व्होल्टवरच चालणाऱ्या बोर्डांत सहज बसत आणि बोर्ड जाळत. कार्ड स्लॉटमध्ये बसलं म्हणजे चालेलच असं नाही, हे त्या काळाने महागात शिकवलं.

२००४ पासून बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस दिसू लागलं आणि व्होल्टेजची ही कटकट संपली. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्यांत नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये, जुनं नव्यात, दोन्ही चालतं. वेग दोघांतल्या कमी पिढीचा मिळतो. बहुतेक कार्डांना त्याने फार फरक पडत नाही. अपवाद ठळक आहे: २०२२चं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी. स्लॉटमध्ये जाणारा जोड दिसायला पूर्ण लांबीचा, पण आत माहिती वाहणाऱ्या वाटा, म्हणजे लेन, चारच. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ते चांगलंच मार खातं. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच सहसा जुना बोर्ड असतो, म्हणून मला ही काटकसर अन्यायाची वाटते.

मग प्रश्न विजेकडे सरकला. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढे एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) सहा पिनच्या जोडाने आणखी ७५, आठ पिनच्या जोडाने १५०. ऑफिसातून निघालेल्या कंपनीमेड सेकंडहँड पीसीत अनेकदा छोटा एसएमपीएस असतो, त्याला या जोडाची वायरच नसते, आणि कॅबिनेटही अरुंद. तिथे स्लॉटवरच भागणारं, बुटकं कार्डच घ्यावं.

सगळ्यात कमी विचारली जाते ती बायोसची, म्हणजे पीसी चालू होताच बोर्डावर आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची बाजू. जुन्या बायोसची जागा यूईएफआयने घेतली आणि स्क्रीनवर पहिलं चित्र आणायची पद्धतच बदलली. साधारण २०१२ पूर्वीच्या बऱ्याच कार्डांत यूईएफआयला समजणारा जीओपी हा भाग नसतो. अशा कार्डाला चित्र दाखवायला बोर्डातला सीएसएम, म्हणजे जुन्या बायोससारखं वागायचा पर्याय चालू लागतो; सिक्युअर बूटसाठी (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणाऱ्या सोयीसाठी) तो बंद ठेवला, तर पंखे फिरतात पण स्क्रीन काळी राहते. कार्ड खराब म्हणून परत करायला आलेल्या माणसाला आधी हेच विचारायला हवं.

उलट बाजूने, २०२२ मध्ये आलेल्या इंटेल आर्क कार्डांना पूर्ण वेगासाठी रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते. काही जुन्या बोर्डांना ती सोय नंतरच्या बायोस अपडेटने मिळाली, काहींना कधीच मिळाली नाही. त्यामुळे आर्क घेण्याआधी बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती लिहून दुकानात न्यावी.